माळ्यावर सापडलेलं जुनं रिकर्व्ह धनुष्य: बनवणारा कोण, वय किती, हे कसं ओळखायचं

गिरगावातली आत्याची चाळ पुनर्विकासाला गेली, तेव्हा माळा रिकामा करायला मी गेलो होतो. पितळेचं पिंप, होल्डॉल, पंचांगांचा गठ्ठा, आणि त्यामागे सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं एक धनुष्य. आतोबा जहाजावर इंजिनिअर होते, त्यांनी ते अमेरिकेहून आणलेलं. "त्रेपन्न सालचं आहे ते," आत्या म्हणाली. "त्याच्यावरच लिहिलंय बघ." खरंच लिहिलं होतं. फायबरवर बारीक अक्षरांत पेटंटची एक ओळ, आणि शेवटी "कॅनडा १९५३".

धनुष्य त्रेपन्न सालचं नव्हतं. पण ते कोणत्या सालचं, हे खात्रीने सांगायला मला तीन संध्याकाळी लागल्या. त्या तीन संध्याकाळींत जे केलं, आणि त्यानंतर ओळखीपाळखीच्यांची धनुष्यं बघताना जे शिकलो, ते इथे क्रमाने लिहितो. मुंबईत अशी धनुष्यं वाटतं त्याहून जास्त निघतात. दर्यावर्दी घरांच्या माळ्यांवर, जुन्या पारशी घरांत, चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटच्या दुकानांत. त्यातली बरीचशी चुकीच्या नावाने आणि चुकीच्या सालाने ओळखली जातात.

सगळ्यात आधी: ओढू नका

जुनं धनुष्य हातात आलं की माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे दोरी ओढून बघतो. हे करू नका, कुणाला करूही देऊ नका. बाण न लावता दोरी सोडली की बाणात जाणारी सगळी ताकद धनुष्यातच फिरते आणि चांगलं धनुष्यसुद्धा तडकू शकतं. त्यात आपलं धनुष्य वीस-तीस पावसाळे पत्र्याखालच्या माळ्यावर राहिलेलं. लाकूड आणि फायबरग्लासचे थर ज्या सरसाने जोडलेले असतात, तो उन्हाळ्यात तापून आणि पावसाळ्यात दमट हवेत राहून कुठे सुटलाय, हे वरून दिसत नाही. दोरी चढवलेली असेल तर हळूच उतरवा. तीही स्ट्रिंगरने (दोन्ही टोकांना अडकवून धनुष्य वाकवायचा दोर), पायात अडकवून पिळून नव्हे. पायाच्या पद्धतीने लिम्ब कायमचं वाकडं होतं.

इथे दोन शब्द सांगून ठेवतो. मधला जाड, मुठीचा भाग म्हणजे रायझर. त्याच्या वरचं आणि खालचं वाकणारं पातं म्हणजे लिम्ब. रिकर्व्हच्या लिम्बची टोकं नेम धरणाऱ्यापासून उलटी, पुढे वळलेली असतात. दोरी उतरवल्यावर ती वळणं चांगलीच उठून दिसतात.

पुसणं आणि उजेड

मऊ सुती फडकं, कोमट पाणी, घट्ट पिळलेलं. बस. थिनर, स्पिरिट, रॉकेल, सॅनिटायझर, काहीही लावायचं नाही. कारण ज्या अक्षरांवर आपली सगळी भिस्त आहे, ती बहुतेक कंपन्यांत हाताने, शाईच्या पेनाने लिहिलेली असत. कधी ती लाखेच्या थराखाली असतात, कधी वर. वर असली आणि तुम्ही स्पिरिट फिरवलंत, तर एका मिनिटात धनुष्याचं जन्मपत्र पुसून जाईल. चामड्याच्या मुठीवर बुरशी असेल तर ती कोरड्या ब्रशने झटकून काढा.

मग खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च लाकडाला जवळजवळ चिकटवून, तिरका धरा. समोरून न दिसणारी अक्षरं अशा उजेडात वर येतात. आतोबांच्या धनुष्यावर मुठीच्या वर, बाणासाठी रायझरमध्ये कापलेल्या खाचेच्या (तिला खिडकी म्हणतात) बाजूला, मला आधी फक्त करडा डाग दिसत होता. टॉर्च तिरका केल्यावर त्यात ५ वाचता आला, मग त्याआधीचा ४. फोटो काढून फोनवरच त्याचा कॉन्ट्रास्ट वाढवला तेव्हा पूर्ण ओळ लागली. प्रत्येक खुणेचा असा फोटो काढा. रायझरच्या दोन्ही बाजू, मुठीच्या वरखाली, दोन्ही लिम्बांचे पुढचे-मागचे पृष्ठभाग आणि टोकं. लिम्बच्या टोकाकडच्या अरुंद बाजूकडे कुणी बघत नाही, पण काही वेळा नंबर तिथेच असतो.

आकड्यांची ओळ वाचणं

हाताने लिहिलेल्या ओळीत बहुधा तीन गोष्टी असतात: लांबी, ओढ आणि अनुक्रमांक.

लांबी इंचांत. तिच्याआधी "एएमओ" ही तीन अक्षरं असतील तर ती फार कामाची. एएमओ ही अमेरिकेतल्या तिरंदाजी साहित्य बनवणाऱ्यांची संघटना. धनुष्य आणि दोरी यांच्या लांबीचं प्रमाण तिने ठरवून दिलं. ही अक्षरं धनुष्यावर दिसू लागली ती साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून. म्हणजे एएमओ लिहिलेलं धनुष्य पन्नासच्या दशकातलं म्हणून कुणी विकत असेल तर तिथेच थांबायचं.

ओढ पाउंडांत, आणि पाउंडासाठी दोन उभ्या, दोन आडव्या रेघांची जाळी काढलेली असते. आपल्याकडे ती जाळी "नंबर" म्हणून वाचली जाते आणि ४५ हा मॉडेल नंबर समजला जातो. पुढचा २८ हा आकडा म्हणजे २८ इंच ओढल्यावरचा जोर. ४५ नंतर फुलीसारखा एक्स असेल तर ओढ लिहिलेल्या आकड्याहून थोडी जास्त भरली होती, एवढाच त्याचा अर्थ.

अनुक्रमांक मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा, त्यामुळे कंपनी कळल्याशिवाय त्यातून साल काढायला जाऊ नका.

पेटंटचं साल म्हणजे जन्मसाल नव्हे

आत्याच्या घरी चाळीस-पन्नास वर्षं जी समजूत चालली, ती जगभरच्या लोकांची असते. बेअर आर्चरी या कंपनीच्या धनुष्यांवर पेटंटच्या ओळीत "कॅनडा १९५३" छापलेलं असतं. ते कॅनडातलं पेटंट मिळाल्याचं साल. पुढे अनेक वर्षं, निरनिराळ्या मॉडेलांवर, तीच ओळ छापली जात राहिली. त्यातून एवढंच कळतं की धनुष्य त्रेपन्नच्या आधीचं नाही.

आणि हाच या कामाचा मुख्य नियम आहे. धनुष्यावरच्या बहुतेक खुणा "याच्या आधीचं नाही" एवढंच सांगतात. म्हणून वय ठरवताना सगळ्यांत जुनी खूण धरायची नाही, सगळ्यांत नवी धरायची. त्रेपन्नचं पेटंट आणि साठच्या दशकातली पितळी बुशिंग (भोकात बसवलेली आट्याची नळी) एकाच रायझरवर असेल, तर बुशिंगचं ऐकायचं. फक्त ती खूण कारखान्यातलीच आहे ना, एवढं बघायचं. मालकाने नंतर घरी पाडलेल्या भोकाची कड खरबरीत असते, आजूबाजूची लाख उडालेली असते, आणि भोकात धातूचा आटा बसवलेला नसतो.

पेटंट नंबर पूर्ण वाचता आला तर तो इंटरनेटवर मोफत शोधता येतो. तिथे अर्जाची तारीख आणि रेखाचित्रं मिळतात. चित्र आपल्या धनुष्याशी जुळवून बघण्यात वेगळाच आनंद आहे.

बेअर: नाणं आणि गाव

जुन्या रिकर्व्हमध्ये बेअरचं धनुष्य निघण्याची शक्यता चांगली असते, म्हणून याच्यावर थोडा जास्त वेळ घालवतो. फ्रेड बेअर यांनी १९३३ मध्ये डेट्रॉइटला सुरुवात केली, १९४७ मध्ये कारखाना मिशिगन राज्यातल्याच ग्रेलिंग गावी नेला, आणि १९७८ मध्ये कंपनी फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला गेली. धनुष्यावर गावाचं नाव असतं. ग्रेलिंग असेल तर धनुष्य त्या स्थलांतराच्या आधीचं. गेन्सव्हिल असेल तर नंतरचं, मग मॉडेलचं नाव कितीही जुनं असो. हे मुद्दाम सांगतो, कारण कोडियाक, ग्रिझली ही नावं कंपनीने पुन्हा पुन्हा वापरली आणि जुन्या कोडियाकच्या नव्या आवृत्त्याही काढल्या. नुसतं "कोडियाक" वाचून साठ सालची किंमत देऊ नका.

दुसरी खूण म्हणजे रायझरवर बसवलेलं अस्वलाचं नाणं. ही नाणी १९५९ च्या सुमाराला आली. त्यावरून बोट फिरवा. नाणं लाकडाशी सपाट असेल, नखाला अडत नसेल, तर धनुष्य साधारण १९७२ पर्यंतचं. नाणं लाकडाच्या वर उठलेलं असेल तर १९७३ नंतरचं. सपाट नाण्यांचा धातूही काळानुसार बदलत गेला: तांब्याचा, पांढरा, पितळी, पुन्हा पांढरा. पण मुंबईच्या हवेत तांबं आणि पितळ दोन्ही एकाच रंगाने काळवंडतात, त्यामुळे नुसत्या रंगावर फार विसंबू नका, आणि रंग बघण्यासाठी नाणं ब्रासोने घासू तर मुळीच नका. नाणं चकचकीत होईल आणि भोवतीच्या लाखेवर पांढरा डाग कायमचा राहील.

तिसरी खूण अनुक्रमांकाची. संग्राहकांत रूढ असलेला ठोकताळा असा की १९६५ ते १९६९ या काळात बेअरच्या अनुक्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो. सत्तरच्या दशकात पद्धत बदलली आणि "के" अक्षराने सुरू होणारे नंबर आले. हा ठोकताळा एकट्याने वापरू नका, नाणं आणि गाव यांच्याशी जुळतोय का ते बघा.

चौथी खूण लाकडाची. रायझरमध्ये रंगीत, राळ भरलेल्या मेपलचे थर दिसले, ज्याला बेअर फ्यूचरवुड म्हणत असे, तर आपण साठच्या दशकाच्या अखेरीला किंवा त्यानंतर आहोत.

बाकीच्या कंपन्या, थोडक्यात

"शेक्सपिअर" वाचून गोंधळू नका. नाटककाराशी काही संबंध नाही. मिशिगनमधल्या कॅलमझूची ही मासेमारीच्या साहित्याची कंपनी, १८९७ मध्ये विल्यम शेक्सपिअर ज्युनियर यांनी काढलेली. धनुष्यं तिने नंतर बनवली. वंडरबो, नेसिडा, ओकाला, सिएरा ही नावं दिसली की तिचीच. बेन पिअर्सन म्हणजे आर्कान्सातलं पाइन ब्लफ, मॉडेलं कोल्ट, कूगर, पॅलोमिनो अशी. विंग म्हणजे टेक्सासमधलं जॅक्सनव्हिल, बॉब ली यांची कंपनी. डेमन हॉवट म्हणजे वॉशिंग्टन राज्यातलं यकिमा, आणि इथे एक सोपी कालरेषा आहे: १९७६ मध्ये ती मार्टिन या कंपनीने घेतली, त्यामुळे नावात मार्टिन असेल तर धनुष्य त्यानंतरचं. होइट हे अर्ल होइट यांचं, सेंट लुइसचं घराणं. प्रो मेडलिस्ट हे त्यांचं गाजलेलं लक्ष्यभेदाचं मॉडेल. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी पुन्हा आली, तेव्हा सुवर्णपदक मिळवणारे जॉन विल्यम्स होइटनेच खेळले.

यामाहाचं धनुष्य बघून मुंबईकराला आधी मोटारसायकल आठवते. पण त्याच जपानी कंपनीने १९५९ ते २००२ धनुष्यं बनवली, आणि उत्तम बनवली.

मटण स्ट्रीटवर मी एकदा एक धनुष्य पाहिलं. त्यावर "इंडियन आर्चरी" असं स्पष्ट लिहिलेलं. दुकानदार मनापासून सांगत होता की हे आपल्याच एका संस्थानात बनलंय. ओळ पूर्ण वाचली तर पुढे होतं इव्हान्सव्हिल, इंडियाना. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातली ही जुनी कंपनी, भारताशी संबंध फक्त नावापुरता. दुकानदाराला ते दाखवलं तेव्हा त्याने चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि मला चहा पाजला. नाव वाचलं की गावही वाचायचं, ही सवय मला तिथे लागली.

काही धनुष्यांवर दुकानाचं नाव असतं, बनवणाऱ्याचं नाही. सिअर्स या अमेरिकन दुकानाने बेसबॉलपटू टेड विल्यम्स यांच्या नावाने विकलेली धनुष्यं दुसऱ्या कारखान्यांत बनत. मिनेसोटातल्या वॉसिकाच्या हर्टर्सचा माल टपालाने घरोघर जाई. अशा वेळी खरा कारागीर शोधायला रायझरचा आकार, टोकांवरच्या पातळ चकत्यांचे रंग आणि लिम्बच्या फायबरचा रंग हे त्या काळच्या जाहिराती आणि कॅटलॉगांच्या स्कॅनशी जुळवावे लागतात. वेळखाऊ काम आहे, पण जमतं.

नावच नसेल तर

मग बांधणी बघायची. दोन्ही बाजूंना फायबरग्लास असेल तर आपण जवळजवळ निश्चितच पन्नासच्या दशकात किंवा पुढे आहोत. रायझरवर पुढच्या बाजूला आट्याची धातूची बुशिंग असेल तर स्टॅबिलायझर, म्हणजे नेम धरताना धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा, लावायची सोय आहे. अर्ल होइट यांनी स्टॅबिलायझर आणले ते १९६१ च्या सुमाराला, म्हणजे धनुष्य त्यानंतरचं. मुठीच्या वर, बाण टेकतो त्या जागेतून आरपार आट्याचं भोक असेल तर ते कुशन प्लंजरसाठी (बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची कळ), आणि ते आपल्याला सत्तरच्या दशकाकडे नेतं. लिम्ब स्क्रूने सुटत असतील तर तेही बहुधा तिकडचंच: बेअरचं टेकडाउन, म्हणजे सुटं करता येणारं धनुष्य, १९६९–७० च्या आसपास आलं.

एक छोटं लोहचुंबक खिशात ठेवा. धनुष्य रंगवलेलं, गोल किंवा चपट्या नळीसारखं असेल आणि चुंबक चिकटलं, तर ते पोलादी आहे. इंग्लंडमधल्या अ‍ॅकल्स अँड पोलॉक यांनी अपोलो नावाने अशी पोकळ नळ्यांची धनुष्यं बनवली. ही कधीही ओढू नका. नळी आतून गंजते, बाहेरून रंग शाबूत दिसतो, आणि मोडते तेव्हा सूचना न देता मोडते. समुद्राच्या खाऱ्या हवेत राहिलेलं असं धनुष्य भिंतीवरच शोभतं.

आणि शिंग, स्नायू आणि लाकडाचं, लाखेवर नक्षी असलेलं, दोरी काढल्यावर उलटं गोल वळणारं धनुष्य हाती आलं, तर हा लेख बाजूला ठेवा. ते आपल्याकडचं पारंपरिक धनुष्य असू शकतं. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुन्या शस्त्रांचं दालन आहे. आधी तिथे जाऊन असं काही डोळ्यांनी बघून या.

ओढ मोजायची असेल तर

आधी तब्येत तपासा. कापसाचा बोळा लिम्बच्या कडांवरून आणि पृष्ठभागावरून फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे फायबर उचललंय. थरांच्या जोडावर व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा हलकेच लावा, तो आत शिरला तर सरस सुटलाय. फायबरमधल्या उभ्या, लिम्बच्या लांबीने जाणाऱ्या बारीक रेघा बहुधा जुन्या लाखेच्या असतात. आडवी रेघ दिसली तर धनुष्य वापरातून बाद. शेवटी टोकाकडून एक डोळा मिटून पूर्ण लांबी बघा, लिम्ब पिळलेलं असेल तर लगेच कळतं.

यातलं सगळं ठीक असेल तरच दोरी. एएमओ लांबीहून साधारण चार इंच कमी लांबीची, आणि डॅक्रॉनचीच, म्हणजे थोड्या ताणणाऱ्या जुन्या धाग्याची. हल्लीच्या न ताणणाऱ्या दोऱ्या ऐंशीच्या दशकात आल्या. त्याआधीच्या धनुष्यांची टोकं त्यांचा झटका सोसायला बनवलेली नाहीत, आणि खाचेपाशी टोक उडतं. वय ओळखण्याचा हा सगळ्यांत रोकडा उपयोग.

सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा लोहार चाळीच्या आसपास सहज मिळतो. तो दोरीच्या मध्यात अडकवा. मुठीच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंत सव्वासव्वीस इंच भरले की तो एएमओच्या हिशेबाने २८ इंचांचा ताण, कारण त्यात पावणेदोन इंच धरलेले असतात. तिथे काटा जे दाखवेल ती आजची ओढ. हळूहळू ओढा, टप्प्याटप्प्याने, आणि कर्र असा आवाज आला तर तिथेच सोडून न देता तसंच हळू मागे आणा.

आतोबांचं धनुष्य

त्याचं असं निघालं: ग्रिझली, ५८ इंच, ४५ पाउंड. गाव ग्रेलिंग. नाणं सपाट, नखाला न अडणारं. अनुक्रमांकाचा पहिला आकडा ८. तिन्ही खुणा एकमेकींना धरून होत्या, म्हणून १९६८ लिहिलं. काट्यावर ओढ ४३ पाउंड भरली.

मग आत्याला विचारलं, आतोबांची सीडीसी आहे का? दर्यावर्दी माणसाची ती सफरींच्या नोंदींची पुस्तिका घरात कुणी टाकत नाही. देवघराखालच्या खणात होती. पहिल्या सफरीची नोंद १९६९ ची. त्रेपन्न साली आतोबा शाळेत होते. आत्याने पुस्तिकेवरचा त्यांचा तरुणपणीचा फोटो बघितला, मग धनुष्य मांडीवर आडवं घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे लग्नाच्या आदल्या वर्षी आणलंय. मला कधी बोलले नाहीत."

आता ते आत्याच्या भाड्याच्या घरात आतल्या भिंतीवर, दोन लाकडी खुंट्यांवर आडवं आहे. दोरी उतरवलेली, बाहेरच्या भिंतीची ओल लागणार नाही अशा जागी. मागे दोऱ्याने एक पुठ्ठा बांधलाय. त्यावर लांबी, ओढ, गाव, अनुक्रमांक, साल, आणि शेवटच्या ओळीत आत्याच्या अक्षरात आतोबांचं नाव आणि बोटीचं.